पहिली सुरी घडवायची आहे : आराखडा तपासून द्याल का?

नवशिका, पुणे

नमस्कार. गेली दोन वर्षे मी छंद म्हणून थोडेफार सुतारकाम करतो आणि आता स्वयंपाकघरात रोज वापरता येईल अशी एक सुरी स्वतःच्या हातांनी करावी, असे मनाने घेतले आहे. सदनिकेत राहत असल्यामुळे भट्टी किंवा मोठे ग्राइंडर ठेवणे शक्य नाही. बाल्कनीत एक शेगडा (काम घट्ट पकडणारा व्हाइस), चार कानशी, हॅक्सॉ आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेले ड्रिल एवढाच माझा सरंजाम आहे.

कागदावर जो आराखडा काढला आहे तो असा : पाते 200 मि.मी. लांब, 45 मि.मी. उंच आणि 3.5 मि.मी. जाड, टोक शिकारी सुरीसारखे वर वळलेले, धारेचा उतार धारेपासून 10 मि.मी. उंचीपर्यंतच, मुठीला चार बोटांसाठी चार खाचा. गावाकडे ट्रकच्या पाट्याचा (चाकावरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा) एक तुकडा पडून आहे, तो तिथल्या लोहाराकडून ठोकून पातळ करून घेण्याचा विचार आहे. घरात कांदा, कोथिंबीर, गाजर, कोबी एवढेच चिरले जाते. आई अजूनही विळीच वापरते, त्यामुळे सुरी कशी असावी हे विचारायला घरात कोणी नाही. आराखड्यात काही चुकत असेल तर स्पष्ट सांगावे.

धारकरी

स्पष्ट सांगायला सांगितले आहे म्हणून सांगतो : तुम्ही काढलेली सुरी जंगलात जाण्यासाठी आहे आणि चिरायचा आहे कांदा. पहिल्या सुरीच्या वेळी मीही अगदी हेच केले होते. कागदावर ती फार रुबाबदार दिसत होती, पण गाजरावर चालवली तेव्हा गाजर कापले न जाता टचकन फुटायचे आणि अर्धा तुकडा ओट्यावरून खाली जायचा. धार चांगली लागली होती. दोष धारेच्या मागच्या जाडीत होता.

हे आकड्यांत पाहा. तुमच्या आराखड्यात धारेपासून जेमतेम 10 मि.मी. वर पाते 3.5 मि.मी. जाड होते, म्हणजे भाजीत पाचर ठोकल्यासारखेच होणार. त्याऐवजी 2 मि.मी. जाडीची पट्टी घेऊन उतार थेट पाठीपर्यंत नेला, तर 45 मि.मी. उंचीच्या पात्यात त्याच ठिकाणी जाडी सुमारे अर्धा मि.मी. भरते. कापणे सोपे होते ते या फरकामुळे, आणि नुसती धार कितीही परजली तरी हा फरक भरून निघत नाही.

दुसरा हिशोब हातांच्या श्रमाचा आहे, आणि कानशीने काम करणाऱ्याने तो आधीच मांडायला हवा. 2 मि.मी. जाड, 45 मि.मी. उंच आणि 150 मि.मी. लांब पात्याला पूर्ण उतार द्यायचा झाला, तर जवळजवळ निम्मे पोलाद, म्हणजे सुमारे 50 ग्रॅम, कीस करून काढावे लागते. तेच पाते 3.5 मि.मी. जाड घेतले तर हा आकडा 90 ग्रॅमच्या पुढे जातो. पन्नास ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटते, पण मला त्याला तीन रविवार लागले होते. म्हणून लांबीही 150 मि.मी.च ठेवा, घरच्या भाजीला ती पुरते, आणि पाते जितके आखूड तितके दोन्ही बाजूंचे उतार सारखे राखणे सोपे.

मुठीच्या खाचा आजच खोडून टाका. त्या फक्त तुमच्या बोटांना, आणि तेही एकाच पकडीत, बसतील. भाजी चिरताना बरेच सराईत जण अंगठा आणि तर्जनी यांनी पाते टाचेजवळ, म्हणजे मुठीकडच्या टोकाजवळ, चिमटीत धरतात व उरलेली तीन बोटे मुठीभोवती घेतात; तशी पकड घेतली की खाचांचे कंगोरे नेमके बोटांच्या सांध्यांवर येतात.

लोखंडी बाभूळ

वरच्या उत्तराशी सहमत आहे. पाट्याच्या तुकड्याबद्दल मात्र थोडे वेगळे सांगायचे आहे. आपल्याकडचे लोहार पाट्यापासून उत्तम कोयते करतात, त्यामुळे ते पोलाद वाईट आहे असे कोणी समजू नये. पण कोयत्याला दणका सोसायचा असतो आणि त्याचे पाते जाड असते. शिवाय भंगारातल्या पाट्यात वर्षानुवर्षांच्या हिसक्यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असू शकतात, आणि त्या लक्षात येतात ते नेमके पाणी देताना (तापवलेले पोलाद बुडवून एकदम थंड करून कठीण करताना), म्हणजे सगळी मेहनत होऊन गेल्यावर. पोलाद नेमके कोणते हे माहीत नसेल, तर त्याला किती तापवायचे हेही अंदाजानेच ठरते.

पहिल्या सुरीसाठी 1075 किंवा 1084 यांसारख्या साध्या उच्च-कार्बन पोलादाची नवी, मऊ अवस्थेतली पट्टी घ्यावी. या क्रमांकांतले शेवटचे दोन आकडे कार्बनचे प्रमाण सांगतात : 1084 मध्ये ते साधारण 0.84 टक्के असते. हे पोलाद 800 ते 820 अंशांपर्यंत तापवून कोमट तेलात बुडवतात आणि त्यानंतर सुमारे 200 अंशांवर दोन-दोन तास, असे दोनदा शेकतात. ही शेक टाळली तर पाते काचेसारखे ठिसूळ राहते. भट्टी नसल्यास तयार पाते औष्णिक प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात द्यावे. भोसरी-चिंचवड पट्ट्यात असे काम करणारे सापडतील. देताना पोलादाचा क्रमांक आणि साठच्या आसपास रॉकवेल कठीणपणा हवा, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे.

आराखडा काढतानाच लक्षात ठेवण्याजोग्या तीन गोष्टी या पाणी देण्याशी निगडित आहेत. मुठीची भोके आधीच पाडून घ्यावीत, कारण नंतर साधे ड्रिल त्या पोलादावर नुसते घासत राहते. पात्याची टाच जिथे मुठीच्या भागाला मिळते तिथे काटकोनी खाच ठेवू नये, किमान 3 मि.मी. त्रिज्येची गोलाई द्यावी. तडा जायचा असेल तर तो अशाच कोपऱ्यातून जातो. आणि धारेची कड पाणी देण्यापूर्वी 0.8 मि.मी.पेक्षा पातळ करू नये, नाहीतर ती वाकडी होते. उरलेली जाडी नंतर पाण्याच्या दगडावर किंवा पॉलिश पेपरवर हाताने उतरवावी. त्या वेळी कोणी ग्राइंडर वापरलेच, तर पाते सतत पाण्यात बुडवत राहावे. कडेवर निळी झाक आली की तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे.

नवशिका, पुणे

दोघांचेही मनापासून आभार. खाचा आणि शिकारी टोक दोन्ही खोडले, लोहाराकडची फेरीही रद्द केली. आता पाते 150 मि.मी. लांब, टाचेपाशी 45 मि.मी. उंच आणि 2 मि.मी. जाड, पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत सलग, मूठ 120 मि.मी. लांब, शिसवीची. एक शंका उरते : 45 मि.मी. उंची जरा जास्त वाटते. 35 केली तर कानस कमी चालवावी लागेल. चालेल का?

धारकरी

उंची कमी करू नका. मुठीची उंची 24 मि.मी. धरली आणि तिची वरची कड पात्याच्या पाठीशी समपातळीत ठेवली, तर 45 मि.मी.च्या पात्यात मुठीखाली 21 मि.मी. जागा उरते आणि तिथे बोटे मावतात. 35 मि.मी. केल्यास 11 मि.मी.च उरतील आणि प्रत्येक घावाला बोटांची पेरे पाटावर आपटतील.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्यापेक्षा एक प्रयोग करा. 3 मि.मी. प्लायवूडची पूर्ण मापाची खोटी सुरी कापा आणि पाटावर काकडी ठेवून चिरण्याचा नुसता अभिनय करा. पुढे मुठीच्या जागी दोन्ही बाजूंना घट्ट मळलेली कणीक लावून ती चिमटीच्या पकडीत घट्ट धरा. हात काढल्यावर कणकेवर जो आकार उमटतो, त्यातले कंगोरे सोडून बाकीची जाडी मापून घ्या. माझ्या कणकेत मूठ मधोमध 20 मि.मी. आणि पात्याजवळ 16 मि.मी. निघाली होती, आणि मी मनाशी धरली होती 28. घरच्यांनी त्या संध्याकाळी कणकेच्या नासाडीवरून बरेच ऐकवले, तो भाग वेगळा. आईंनाही ती खोटी सुरी हातात धरायला द्या. विळीवर भाजी पात्याकडे न्यायची सवय असलेल्या हाताला सुरी कुठे जड वाटते, हे त्या एका मिनिटात सांगतील.

शिसव आणि पितळ

मुठीबद्दल थोडेसे. शिसवीचा भुसा श्वासातून गेला तर अनेकांना त्रास होतो, म्हणून घासताना मास्क लावावा आणि बाल्कनीचे दार लावून घ्यावे. रिव्हेटऐवजी 5 मि.मी. पितळी सळईचे तुकडे आणि एपॉक्सी पुरेसे आहे. पोलादातली भोके मात्र सळईपेक्षा किंचित मोठी पाडावीत, म्हणजे पाणी देताना पाते थोडे हलले तरी जुळणी बिघडत नाही.

नवशिक्यांकडून हमखास राहणारी गोष्ट म्हणजे मुठीच्या लाकडांची पात्याकडची पुढची टोके. ती चिकटवण्यापूर्वीच गोलाई देऊन, 400 नंबरच्या कागदापर्यंत घासून, तेल लावण्याजोगी करून ठेवावी लागतात, आणि दोन्ही बाजूंची टोके सळई घालून एकत्र धरूनच घासावी लागतात. एकदा चिकटल्यावर तिथे कागद फिरवायला गेलात की पात्यावर ओरखडे उठतात आणि ते काढता काढता आणखी एक रविवार जातो.

नवशिका, पुणे

खोटी सुरी आज कापली. आईने ती हातात धरली, दोनदा पाटावर टेकवली आणि टाचेचा टोकदार कोपरा तर्जनीला लागतो असे सांगितले. तो कोपरा आराखड्यात 2 मि.मी.ने गोल केला आहे. पोलादाची पट्टी मागवली आहे. ती आली की मापे रेखून येथे कळवतो.