कीबोर्डची ग्रेड २ झाली, पियानोला मात्र ‘इनिशियल’पासून?

नाशिककर_आई:
नमस्कार. इथे शिकवणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. घराजवळच्या क्लासमध्ये ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर शिकली. ट्रिनिटी या लंडनच्या परीक्षा संस्थेच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या परीक्षा दिल्या, ग्रेड २ ला मेरिट मिळालं. तिला पियानोचंच वेड, म्हणून दिवाळीत ८८ वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड) पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला (हप्ते चालू आहेत) आणि पियानो शिकवणारे सर शोधले.

सरांनी तिचं ग्रेड २ चं गाणं शांतपणे ऐकलं, छान म्हणाले, मग एक पुस्तक उघडून समोर ठेवलं आणि म्हणाले, हे वाजव. चार ओळींचं होतं. तिला जमेना. सर म्हणाले, इनिशियलच्या, म्हणजे ग्रेड १ च्याही आधीच्या पातळीपासून सुरू करू. घरी येईपर्यंत रिक्षात रडली. "मी दोन वर्षं मागे गेले" एवढंच म्हणते आहे.

मला नोटेशन, म्हणजे छापलेले सूर वाचणं, येत नाही. सरांचं बरोबर आहे का? ग्रेड २ चं सर्टिफिकेट वाया गेलं असं समजायचं? आणि तिची खरी पातळी कुठली हे माझ्यासारखीने घरी कसं ओळखायचं?

ठाणेकर_बाबा:
क्लास बदला. सरळ सांगतो. इनिशियल, मग १, मग २, प्रत्येकाची वेगळी फी, वेगळी पुस्तकं. मागची ग्रेड दिल्याशिवाय पुढची देता येत नाही असा नियमच नाही. माझ्या मुलाने पियानोची पहिलीच परीक्षा ग्रेड ३ ची दिली आणि पास झाला. मेरिट मिळवलेल्या मुलीला खाली कशाला बसवायचं?

वसईची_टीचर:
ताई, मी वसईला घरी पियानो शिकवते. कीबोर्डवरून आलेली मुलं दर जूनमध्ये माझ्या दारात असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ठाणेकरांचं. नियमाचं ते बरोबर बोलतात. ट्रिनिटीत थेट कुठल्याही ग्रेडला बसता येतं. एबीआरएसएम या दुसऱ्या ब्रिटिश परीक्षा संस्थेतही येतं, फक्त ग्रेड ६, ७, ८ च्या आधी ग्रेड ५ ची थिअरी किंवा तिच्या तोडीची दुसरी परीक्षा हवी. पण थेट बसता येतं म्हणून थेट तिथून शिकता येतं, असं होत नाही. शिकायची पातळी वेगळी आणि परीक्षेची वेगळी. सरांनी शिकायची पातळी सांगितली, तुम्ही सगळ्यांनी परीक्षेची ऐकली.

आता कीबोर्ड आणि पियानो. पट्ट्या सारख्या दिसतात, अभ्यासक्रम दोन आहेत. कीबोर्डच्या सुरुवातीच्या ग्रेडमध्ये बहुतेक वेळा उजवा हात चाल वाजवतो, डावा कॉर्ड (एकत्र वाजणारे दोन-तीन सूर) दाबून धरतो आणि ताल मशीन देतं. कॉर्डचं नाव वर छापलेलं असतं, त्यामुळे डाव्या हाताला खालची ओळ, म्हणजे बेस क्लेफ, वाचावीच लागत नाही. त्या वाद्याची ती पद्धत आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण पियानोत पहिल्या पुस्तकापासून डावा हात स्वतःची ओळ वाचतो, आणि लय आपली आपण धरायची असते. तुमच्या मुलीचा उजवा हात ग्रेड २ चा असणार, कान आणि तालाची समजही तिथलीच. डावा हात मात्र नवा आहे. दोघांना एकत्र चालायचं तर सावकाश असेल त्याच्या चालीने चालावं लागतं. सरांनी एवढंच पाहिलं.

घरी ओळखायचं कसं, तेही सांगते. तिने कधी न पाहिलेला एक सोपा पीस घ्या. नोटांवर १ ते ५ बोटांचे आकडे छापलेले असतील तर पेन्सिलने गिरगटून झाका. बरीच मुलं सूर वाचतच नाहीत, आकडे वाचतात: १ म्हणजे अंगठा, ५ म्हणजे करंगळी. हात जागेवरून सरकला की सगळं कोसळतं. आधी फक्त डाव्या हाताची ओळ वाजवायला सांगा, मग दोन्ही हात. कितीही हळू चालेल, पण मध्ये थांबायचं नाही. साधारण दहा मिनिटांत जे पान असं पार होतं, ती तिची पातळी. सर्टिफिकेटवरचा आकडा नव्हे.

हे मी खडूसपणाने बोलत नाही, गुणांचा हिशेब बघा. ट्रिनिटीत १०० पैकी ६६ गुण तीन पीसना आणि पास व्हायला ६० लागतात. शिवाय ग्रेड ५ पर्यंत साइट रीडिंग (न पाहिलेलं वाचून वाजवणं), ऑरल (कानाने ओळखणं), इम्प्रोव्हायझेशन (ऐनवेळी सुचेल ते वाजवणं) आणि संगीताची माहिती यांतले कुठलेही दोन विषय निवडायचे. न पाहिलेलं वाचायची वेळ न येताही मूल ग्रेड ५ पास होऊ शकतं. एबीआरएसएममध्ये तीन पीसना १५० पैकी ९०, पास १०० ला, साइट रीडिंगला २१. म्हणजे वर्षभर तीनच पीस घासायचे आणि बाकीचं जेमतेम करायचं, हा रस्ता दोन्हीकडे उघडा आहे. अशी मुलं माझ्याकडे येतात. वक्तृत्व स्पर्धेत पाठ केलेलं भाषण ठोकून ढाल आणणाऱ्या पोरासमोर पेपर धरावा आणि त्याने अक्षरं लावत बसावं, तसं होतं. (ठाणेकर, तुमच्या मुलाबद्दल बोलत नाही. पण त्याला एकदा ग्रेड १ चं अनोळखी पान देऊन बघा.)

मी काय करते? परीक्षेच्या पातळीचे तीन पीस आणि त्याखालच्या पातळीचे ढीगभर. आठवड्याला एक-दोन सोपे, नवे, वाजवायचे आणि सोडून द्यायचे, घासायचे नाहीत. तुमच्या मुलीसारख्यांना मी बार्टोक या हंगेरियन संगीतकाराचं ‘मिक्रोकॉस्मॉस’ काढून देते. १९२६ ते १९३९ या काळात लिहिलेले १५३ पीस, सहा भागांत, सोप्यातून अवघडाकडे. पहिले दोन भाग त्याने स्वतःच्या मुलाला, पेटरला अर्पण केलेत. सुरुवातीच्या पिसांत दोन्ही हात एका सप्तकाच्या अंतराने एकच चाल वाजवतात, म्हणून डाव्याला लपायला जागाच राहत नाही. काही पालकांना ते सूर ‘कसेतरीच’ वाटतात. मुलांना क्वचितच वाटतात.

स्केल, म्हणजे सूर क्रमाने वर-खाली वाजवणं, तेही तसंच. दोन हातांनी सी मेजर एकत्र वर नेताना उजव्याचा अंगठा चौथ्या सुरावर आत जातो आणि डाव्याचं मधलं बोट सहाव्या सुरावर वरून येतं. दोन हातांच्या अडचणी दोन वेगळ्या जागी. म्हणून मी आधी उलट दिशांनी शिकवते, मधल्या सीपासून दोन्ही हात बाहेर. तेव्हा दोन्ही अंगठे एकाच क्षणी आत जातात आणि बोटांना गणित कळतं. सरळ दिशा त्यानंतर. एफ मेजरला तर उजव्या हाताची सवयच मोडावी लागते, कारण चौथा सूर बी फ्लॅट, काळी पट्टी, आणि तिथे अंगठा अवघडतो. मग १-२-३-४ आणि पुन्हा १-२-३-४. ही असली बारीक कामं इनिशियल आणि ग्रेड १ च्या आसपासच करून घ्यायची असतात. ग्रेड ४ ला सुधारायला गेलं की रडारड होते.

आणि वाया काही गेलेलं नाही. सी, एफ, जी कॉर्ड तिच्या हातात आहेत ना? पुढे डाव्या हाताला तेच कॉर्ड सुटे करून येतात: सी-जी-ई-जी, सी-जी-ई-जी. त्याला अल्बर्टी बेस म्हणतात. बाकीची मुलं एकेक सूर शोधत बसतात, ही एका नजरेत ‘हा तर सी कॉर्ड’ म्हणेल. तिथे ती भरभर पुढे जाईल.

इनिशियलची परीक्षा मात्र देऊ नका. तिथून शिकवा, फॉर्म थेट ग्रेड १ किंवा २ चा भरा, आणि तोही वाचन तिथवर आल्यावर.

पेटीवाला:
टीचरबाईंच्या डाव्या हाताच्या मुद्द्याला माझं अनुमोदन. मी हार्मोनियम शिकवतो. आमचा डावा हात भात्यावर, वाजवतो एकटा उजवा. माझा एक चांगला विद्यार्थी पियानोकडे वळला, तर डावा हात नुसता मांडीवर. दुसरी गंमत म्हणजे आम्ही सा हलवतो, आज पांढरी एक, उद्या काळी चार. त्याला मिडल सी कायम मिडल सीच राहतो हे पचायला वेळ लागला.

पण परीक्षांवर इतका राग नको. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या पायऱ्यांमुळेच कित्येक घरांत रियाज टिकला. तबल्यात मध्यमा झालेला माणूस गायन शिकायला लागला, तर प्रारंभिकपासून बसायला लाजत नाही. वाद्य बदललं, पायरी बदलली. मुलीला हे असंच सांगा.

चाळिशीत_पियानो:
मी मोठेपणी शिकायला लागले. मला एबीआरएसएमची परफॉर्मन्स ग्रेड सोयीची वाटली. चार पीस सलग वाजवायचे, व्हिडिओ रेकॉर्ड करून पाठवायचा, स्केल आणि साइट रीडिंग नाही. मुलगी घाबरत असेल तर हा मार्ग बघा.

वसईची_टीचर:
मोठ्यांसाठी हा मार्ग चांगला आहे. तुम्हाला काय हवंय ते तुम्ही स्वतः ठरवलेलं असतं. या मुलीचं दुखणं नेमकं वाचनाचं आहे आणि त्या परीक्षेत तेच वगळलेलं आहे. म्हणून आत्ता नको. पुढे कधीतरी, हौसेने जरूर.

पेटीवाले काका, परीक्षांवर राग नाही हो. दर वर्षी मीच मुलांना घेऊन सेंटरवर जाते, त्यांच्याआधी माझेच हात गार पडतात.

नाशिककर_आई:
टीचर, खूप आभार. काल रात्री तुम्ही सांगितलं ते करून पाहिलं. उजवा हात सुरेख गेला. डाव्या हाताला मात्र ती प्रत्येक ओळ बोटाने खालून मोजत होती. आकडे झाकल्यावर तर "आई, आता कसं कळणार?" म्हणाली. दोन्ही हात सुरू केल्यावर पहिला प्रश्न, "ताल लावू का?" नव्या पियानोत तसा ताल नाहीच. तेव्हा सरांचं बरोबर आहे हे मान्य.

पण तिचा चेहरा उतरलाय त्याचं काय? मेट्रोनोम (टिकटिक करून लय देणारं यंत्र) लावू का? आणि रोज किती वेळ बसवू? ती म्हणते बोटंही दुखतात.

वसईची_टीचर:
मेट्रोनोम एवढ्यात नको. मशीनच्या तालावर वाढलेलं मूल मेट्रोनोमलाही तसंच टेकतं. तुम्ही शेजारी बसून टाळी द्या, चार बार (पानावरच्या उभ्या रेघांमधले चार खण) झाले की टाळी बंद, तिने पुढे चालायचं, परत चार बार टाळी. तुम्हाला नोटेशन यायची गरज नाही. पोळ्या लाटतालाटताही जमेल.

ओळी खालून मोजणं बंद करायला तीन खुणेचे सूर पाठ करवा: मधला सी, त्याच्यावरचा जी, खालचा एफ. ट्रेबल क्लेफचा (वरच्या ओळीच्या सुरुवातीची खूण) वेटोळा जीच्या रेषेभोवती असतो आणि बेस क्लेफचे दोन ठिपके एफच्या रेषेच्या वर-खाली, म्हणजे खूण पानावरच छापलेली आहे. बाकीचे सूर त्यांच्यापासून ‘शेजारचा’ की ‘एक सोडून’ एवढंच बघायचं.

बोटं थोडी दुखणारच, पट्ट्या जड आहेत. पण खुर्ची तपासा. जेवणाच्या खुर्चीवर बसवत असाल तर बहुतेक ती बुटकी पडते. कोपर पट्ट्यांच्या उंचीला आलं पाहिजे, उशी किंवा घडी घातलेली सतरंजी चालेल, आणि पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या. पाय अधांतरी असले की खांदे आखडतात आणि मग मनगट. वेळ म्हणाल तर वीस मिनिटं रोज, त्यातली पहिली पाच नव्या, सोप्या पानाला. मनगट किंवा कोपर दुखलं तर त्या दिवशी बंद.

चेहऱ्याचं म्हणाल तर तिचं जुनं ग्रेड २ चं गाणं बंद करू नका. तालाशिवाय, डाव्या हाताला कॉर्ड सुटे करून, पियानोवर बसवायला सांगा. सर मदत करतील. आणि जुना कीबोर्ड लगेच विकू नका. मामा-मावशी आले की तिला त्यावर ताल लावून मिरवू द्या.

सरांना एक विचारा: येत्या तीन महिन्यांत परीक्षेबाहेरचं काय काय वाजवून घेणार? दोन पुस्तकांची नावं लगेच सांगितली तर क्लास बदलायचा विचारही करू नका. "बघू, आधी फॉर्म भरून टाकू" म्हणाले तर मात्र इथे परत लिहा. नाशिकमध्ये शिकवणारे ओळखीचे आहेत, विचारून सांगते.