मदत हवी आहे: नोटिशीत ‘वाढ’चा ‘वध’ होतोय

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका जीबोर्डवर (गूगलच्या कीबोर्डवर) इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात. व्ही-ए-डी-एच टाइप करून स्पेस दाबली की कीबोर्डवरच्या सुचवलेल्या शब्दांच्या पट्टीतला पहिला पर्याय बसतो आणि ‘मेंटेनन्समध्ये वाढ’ऐवजी ‘वध’ जातो. मग ग्रुपवर दिवसभर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’! थट्टा प्रेमाचीच असते, पण काका आता नोटीस टाकायलाच कचरतात, हे वाईट वाटतं.

ऑटो-करेक्शन बंद करून पाहिलं, फरक नाही. व्हॉट्सॲपवर एडिट १५ मिनिटांतच करता येतं. तोवर स्क्रीनशॉट फिरलेला असतो. बोलून टाइप करणं रस्त्याच्या आवाजात जमत नाही, देवनागरी कीबोर्ड त्यांना नको. फोन अँड्रॉइड.

पर्सनल डिक्शनरीत (कीबोर्डमध्ये आपले शब्द साठवायच्या यादीत) ‘वाढ’ला शॉर्टकट दिला, तर या कीबोर्डवर तोच पहिला पर्याय येतो का?