लिनन विणायचंय तर माग खड्ड्यातच राहू द्या

आजोबांचा खड्डा-माग (विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो तो हातमाग) दुरुस्त करून नाशिकच्या फ्लॅटमध्ये बसवायचा आणि त्यावर लिनन विणायचं, हा तुमचा बेत वाचला. हौस दांडगी! पण घाई नको. लिननच्या धाग्याला ताण सोसण्याइतकी लवचिकता नसते. कोरड्या हवेत तो ताण्यातच, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांतच, तटातट तुटतो, ओलसर झाला की उलट बळकट होतो. म्हणून तर युरोपात लिननचे विणकर दमट तळघरांत बसायचे. आपल्या खड्डा-मागाला जमिनीची ओल आयती मिळते; चौथ्या मजल्यावर एप्रिलात ती कुठून आणणार? गावाकडच्या पडवीतच बसवा.

पॉलिश वगैरे नंतर. आधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, सारखे नसतील तर कापड तिरकंच येणार. फणी (ताण्याचे धागे वेगळे ठेवणारी दातेरी पट्टी) गंजली असेल तर सरळ नवी घ्या.

सुतार शोधायला येवल्याला जा, नाशिकहून ८० किलोमीटरच्या आसपास. तिथे पैठणी रेशमाची, पण हातमागाची नस ओळखणारी माणसं तिथेच भेटतील.

आणि लिनन जवसाच्या खोडातल्या धाग्याचंच असलं, तरी शेतातल्या जवसापासून धागा काढायचं मात्र डोक्यातून काढा. आपलं जवस तेलाचं, बुटकं आणि फांद्यांचं. धाग्याला उंच, सरळ वाण लागतं. सूत विकतच आणा.