शब्दचर्चा : ‘मिंधा’ आणि ‘स्वावलंबी’

प्रश्न

शाळेत ‘स्वावलंबी’चा विरुद्धार्थी शब्द ‘परावलंबी’ असा पाठ केला होता. पण बोलताना ‘परावलंबी’ फारसा कुणाच्या तोंडी येत नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईला किंवा गॅरेजवाल्याला विचारा की नोकरी सोडून स्वतःचं का काढलं, तर उत्तर येतं, ‘कुणाचं मिंधं राहायला नको.’ मग ‘मिंधा’ हाच खरा विरुद्धार्थी धरावा का? दोन्हींच्या छटांवर जाणकारांनी लिहावं.

प्रतिसाद

धरावा, असं माझं ठाम मत आहे. ‘मिंधा’ फारसी ‘शर्मिंदा’वरून आला, मराठीत ‘शरमिंधा’ही आहे. मुळात अर्थ लाजेचा, पण आपल्याकडे त्यात उपकाराचं ओझं मिसळलं. तान्हं मूल परावलंबी असतं, अंथरुणाला खिळलेला म्हातारा परावलंबी असतो. त्यांना कुणी मिंधे म्हणत नाही. मिंधा तो, ज्याला बोलायचं असतं आणि बोलता येत नाही. ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण त्याचीच आहे.

आता ‘स्वावलंबी’. शब्दाची फोड केली तर ‘स्वतःवरच टेकलेला’ असा अर्थ निघतो, पण असा माणूस कुठे असतो? मंडईतली भाजीवाली पहाटे अडत्याकडे जाते, टेम्पोवाल्याला भाडं देते, मग गाळ्यावर बसते. पहिलं गिऱ्हाईक आलं की भवानी होते. ती नोट कपाळाला लावते, तराजूला लावते, मगच पिशवीत टाकते. भवानीला उधार देत नाही आणि फार घासाघीसही चालू देत नाही. ती दिवसभर माणसांवरच अवलंबून असते, पण कुणा एकावर नाही. एक गिऱ्हाईक रुसून गेलं तर दुसरं येतं. ‘परवडत नसेल तर पुढे बघा’ असं ती म्हणू शकते, आणि हे म्हणता येणं हेच माझ्या मते स्वावलंबन. मतदानाच्या दिवशी, ग्रामसभेत, पंचांसमोर तोंड उघडायला हीच ताकद लागते.

याउलट बलुतं पाहा. सुतार, लोहार, चांभार, कुंभार यांच्या हातात कसब होतं, अवजारं स्वतःची होती. तरी त्यांना आजच्या अर्थाने स्वावलंबी म्हणवत नाही. वर्षभर काम करायचं आणि सुगीला धान्याच्या वाट्यासाठी खळ्यावर पाटी घेऊन उभं राहायचं. कामाचा भाव ठरवायची सोय नाही, गिऱ्हाईक नाकारायची सोय नाही, पिढीजात काम सोडून दुसरं धरायचीही नाही. महारांच्या वाट्याला तर वतनाच्या नावाखाली सरकारी आणि गावकीची राबणूक रात्रंदिवस. ही वेठच. (‘वेठ’ संस्कृत ‘विष्टि’वरून. ‘बेगार’ फारसी, आणि तो शब्द आपल्या संविधानाच्या इंग्रजी संहितेतही अनुच्छेद 23 मध्ये जसाच्या तसा आहे.)

अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. आंबेडकर सदस्य होते. 1930 च्या अहवालात समितीने नोंदवलं की अस्पृश्यांना आर्थिक स्वातंत्र्य जवळपास नाहीच: कुणी मालकाच्या मर्जीवर जमीन कसतो, कुणी दुसऱ्याच्या शेतात मजुरी करतो, उरलेले गावकीच्या बदल्यात मिळणाऱ्या धान्यावर जगतात. त्यामुळे कुणी हक्क बजावायला गेला की गाव जमीन काढून घेतं, काम थांबवतं, बलुतं बंद करतं, आणि गावचा वाणी मीठमिरचीसुद्धा विकत नाही. मिंधेपणाचा अर्थ याहून स्पष्ट करून सांगणारी नोंद माझ्या वाचनात नाही. बाबासाहेब 1928 पासून महार वतनाविरुद्ध कायदेमंडळात भांडत होते, ते यासाठीच. हक्क कागदावर असून उपयोग नसतो, जर चूल शेजाऱ्याच्या रागालोभावर पेटत असेल. ती वतनं 1958 च्या कायद्याने संपली.

प्रतिसाद

पहिला प्रतिसाद आवडला, पण स्वतःचा धंदा म्हणजे मिंधेपणा संपला असं होत नाही. हातगाडीवाला सकाळी व्याजाने पैसे उचलतो आणि संध्याकाळी फेडतो. त्याचा सावकार एकच असतो. भोसरीत चार मशिनं टाकून जॉबवर्क करणाऱ्याला काम देणारी कंपनीही अनेकदा एकच असते. बिल थकलं तरी तो मोठ्याने मागत नाही, पुढची ऑर्डर जाईल म्हणून. 2006 च्या सूक्ष्म, लघु उद्योगांच्या कायद्यात 45 दिवसांची मुदत आहे, पण ती बजावायला तक्रार करावी लागते, आणि तक्रार करायला मिंधं नसावं लागतं. फेरीवाल्याचं तर आणखी अवघड. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये फेरीचा व्यवसाय मूलभूत हक्कात मोजला, 2014 मध्ये स्वतंत्र कायदाही झाला, तरी गाडी उचलून नेणाऱ्यापुढे तो हात जोडून उभा असतोच. आमच्याकडे याला ‘हातावर पोट’ म्हणतात. स्वावलंबी म्हणवत नाही.

प्रतिसाद

‘हात पसरणे’ हा प्रयोगही इथे नोंदवावा. बचत गटातल्या बायका ‘सक्षमीकरण’ हा शब्द फलकावर लिहितात, पण बोलताना ‘आता नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही’ असंच म्हणतात.

लिज्जत पापडाचं उदाहरणही पाहण्यासारखं आहे. 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली. तिथे लाटणाऱ्या बाईला कामगार म्हणत नाहीत, ‘बहीण’ म्हणतात, आणि ती मालकीत भागीदार असते. मळलेलं पीठ घरी न्यायचं, पापड लाटून वाळवून परत द्यायचे आणि वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घ्यायची. एकटीने दुकान थाटण्याइतकं भांडवल कुणाकडेच नव्हतं, आणि तरी कुणी कुणाची मिंधी झाली नाही.

प्रतिसाद (पहिल्या प्रतिसादकाकडून)

दोन्ही मुद्दे मान्य. एकच सावकार, एकच कंपनी असेल तर बलुतंच नव्या नावाने परत आलं म्हणायचं. उत्तर मला पापडवाल्या बहिणींच्या मार्गात दिसतं: एकट्याला नाही म्हणता येत नसेल तिथे दहाजणांनी मिळून म्हणायचं. फेरीवाल्यांच्या कायद्यातही तीच सोय आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. जिथे या निवडणुका रखडल्यात तिथे आधी त्या मागायला हव्यात.

मूळ प्रश्नाबद्दल: शाळेच्या यादीत ‘परावलंबी’ राहू द्या, व्याकरणाला तो बरोबर आहे. पण मुलांना ‘मिंधा’ही शिकवा, वाक्यात उपयोग करून. ‘स्वाभिमानी × मिंधा’ आणि ‘स्वावलंबी × मिंधा’ या दोन्ही जोड्या माझ्या मते चालतील.