पहिली गाडी आणि बेताचे पैसे : ताकदवान जुनी घ्यावी की हलकी साधी?

धागाकर्ता

नुकताच परवाना मिळालेल्या आणि कमाई सुरू होऊन फार काळ न झालेल्या मुलामुलींना गाडी निवडताना मिळणारा सल्ला बहुतेक वेळा दोन टोकांचा असतो. घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, गाडी सुरू झाली आणि थांबली म्हणजे पुरे, मजेचे नंतर बघू. मित्रमंडळी म्हणतात, एवढ्याच पैशांत दहा-बारा वर्षे जुनी पण दुप्पट ताकदीची गाडी मिळते आहे, ती हातची घालवू नकोस. मला दोन्ही सल्ले अपुरे वाटतात. गाडी चालवायला मजा आलीच पाहिजे, कारण ज्याला चालवण्यात रस असतो तो रस्त्याकडे लक्ष देतो आणि गाडीची निगाही राखतो; पण बेताच्या पैशांत ती मजा कमी वजनात, नेमक्या स्टिअरिंगमध्ये आणि मॅन्युअल गिअरमध्ये शोधावी, असे माझे ठाम मत आहे.

१९७६ साली आलेल्या पहिल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयचे इंजिन १.६ लिटरचे आणि ताकद ११० अश्वशक्तीची होती. आज एवढी ताकद साध्या कौटुंबिक गाडीतही असते आणि तिचे कोणाला अप्रूप वाटत नाही. त्या गोल्फचे वजन मात्र सुमारे ८१० किलो होते, आणि आजची तशा प्रकारची गाडी तेराशे किलोंच्या घरात सहज जाते. तेवढ्याच ताकदीच्या इंजिनाला पाचशे किलो कमी ओढायचे असले, की गाडी ॲक्सिलरेटरला चटकन प्रतिसाद देते, ब्रेक कमी तापतात आणि वळणात शिरताना जडपणा जाणवत नाही. २०१७ नंतरची सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट १.४ लिटरच्या टर्बो इंजिनासह एक टनाच्या आत बसते. ती आवाक्याबाहेर असेल तर साधी स्विफ्ट, होंडा जॅझ, माझदा २ किंवा फोर्ड फिएस्टा यांच्या मॅन्युअल आवृत्त्या पाहाव्यात. विशेषतः फिएस्टाचे स्टिअरिंग एकदा स्वतः अनुभवून पाहावे.

खिशाचा हिशेबही याच बाजूने आहे. हलक्या गाडीचा १८५ मिलिमीटर रुंदीचा, १५ इंची रिमचा टायर आणि ताकदवान गाडीचा २२५ मिलिमीटर रुंदीचा, १८ इंची रिमचा टायर यांच्या किमतीतल्या फरकाला चाराने गुणावे, आणि त्याच पद्धतीने ब्रेक पॅड, डिस्क, क्लच व विमा यांचा हिशेब मांडावा. जुनी झालेली महागडी गाडी विकत घेताना स्वस्त पडते, तिचे सुटे भाग मात्र ती नवी असतानाच्या किमतीच्या मानाने महाग मिळतात. म्हणून हाताशी असलेल्या रकमेचा निदान पाचवा हिस्सा खरेदीत न घालता बाजूला ठेवावा.

वळणवाट

वजनाबाबत पूर्ण सहमत, निष्कर्षाबाबत असहमत. वजनाचा मुद्दा मान्य केला की पुढच्या चाकांनी ओढली जाणारी कौटुंबिक हॅचबॅक हे उत्तर निघत नाही. त्या गाडीत पुढची चाके ओढण्याचेही काम करतात आणि वळवण्याचेही, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला की स्टिअरिंगचा नेमकेपणा हरवतो. चालवण्याची कला ज्याला मनापासून शिकायची आहे त्याने मागच्या चाकांना ताकद देणारी, हलकी, दोन आसनी गाडी घ्यावी, आणि सेकंड हँड बाजारात याचे सर्वांत भरवशाचे उत्तर अनेक वर्षे एकच आहे : माझदा एमएक्स-५.

१९८९ मध्ये ती आली तेव्हा १.६ लिटरचे साधे, टर्बो नसलेले इंजिन, एक टनाच्या आत वजन आणि अरुंद १४ इंची टायर असा तिचा सरंजाम होता, म्हणजे धागाकर्त्यांच्या सगळ्या अटी तिने तेव्हाच पूर्ण केल्या होत्या. २०१६ मध्ये तिचे उत्पादन दहा लाखांवर गेले. एखाद्या खेळकर गाडीच्या बाबतीत हा आकडा फार मोलाचा आहे, कारण त्याचाच अर्थ असा की सुटे भाग मिळतात, दोष माहीत आहेत आणि ते दूर करणारी माणसेही आहेत. मागच्या चाकांजवळचा खालचा पत्रा गंजतो आणि कापडी छताचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबतात. या दोन जागा नीट तपासल्या की निम्मी भीती संपते.

दोनच आसने असतात, सामान मावत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत. परंतु त्या गैरसोयी सोसता येण्याचे वय हेच आहे. पुढे संसार, मुले आणि सामान आले की हॅचबॅक घ्यावीच लागते. ती आजच कशासाठी घ्यायची?

पांढरा पट्टा

वरच्या दोन्ही मतांत चर्चा मजेपासून सुरू होते आणि सुरक्षितता बाजूला राहते, म्हणून मला तीव्र विरोध नोंदवावासा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण रस्त्यावरील अपघात हे आहे. नवशिक्या चालकाच्या गाडीत पहिला पैसा स्टेबिलिटी कंट्रोलवर (घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेवर) आणि मजबूत सांगाड्यावर खर्च झाला पाहिजे. स्टिअरिंगची गोडी त्यानंतर.

स्टेबिलिटी कंट्रोल ही चैनीची गोष्ट नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मासिकाच्या चाचणीत, रस्त्यात अचानक आलेला प्राणी चुकवावा तसे वळण घेताना, मर्सिडीजची नवी ए-क्लास उलटली, आणि त्यानंतर कंपनीने ही यंत्रणा त्या छोट्या गाडीत सरसकट बसवली. गाडी घसरू लागली की ही यंत्रणा प्रत्येक चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे लावून तिला मार्गावर आणते, आणि अनुभवी चालकालाही एका पायाने हे साधणार नाही. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलवर्षापासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची आहे. १९८९ च्या एमएक्स-५ मध्ये ती नाही.

हलकेपणाचे गुणगान करताना धडकेचा विचारही करावा. गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेला वीस वर्षे झाली तेव्हा, २०१७ मध्ये, १९९७ च्या काळातली रोव्हर १०० आणि तेव्हाची होंडा जॅझ एकाच प्रकारे आदळवून दाखवली होती. जॅझची केबिन शाबूत राहिली आणि रोव्हरमध्ये चालकाच्या पायांना जागाच उरली नाही. दोन्ही गाड्या छोट्याच होत्या, फरक घडणीच्या काळाचा होता. म्हणून माझा सल्ला असा की पैशांत बसेल ती सर्वांत अलीकडची, स्टेबिलिटी कंट्रोल आणि बाजूच्या एअरबॅग असलेली गाडी घ्यावी, मग ती चालवायला कितीही कंटाळवाणी असो. तासाला ५० किलोमीटरवरून ७० वर गेले की गाडीची गतिज ऊर्जा जवळपास दुप्पट होते, आणि मजेदार गाडी नेमके हेच करायला लावते.

धागाकर्ता

स्टेबिलिटी कंट्रोल ही किमान अट असावी, हे मला मान्य आहे, आणि ती माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही. वर सुचवलेल्या मॉडेलांत ही यंत्रणा असलेल्या गाड्या मिळतात. रोव्हर आणि जॅझचे उदाहरण तर छोटी गाडी असुरक्षितच असते हा समज खोडून काढणारे आहे.

शेवटचे वाक्य मात्र मी स्वीकारणार नाही. मजेदार गाडी वेग वाढवायला लावते हे ताकदवान गाडीबाबत खरे आहे, कारण तिची गंमत कायद्याने आखलेल्या मर्यादेच्या पलीकडे सुरू होते. हलक्या, कमी ताकदीच्या गाडीत तासाला चाळीस किलोमीटरच्या वेगातही गिअर योग्य क्षणी बदलणे, वळणाआधी ब्रेक संपवणे आणि वळणातून अलगद बाहेर येणे यात पुरेपूर समाधान मिळते. २०१२ साली आलेल्या टोयोटा ८६ ला तिच्या अभियंत्यांनी मुद्दाम साधे, अरुंद टायर दिले, जे टोयोटाच्याच प्रियस या इंधन वाचवणाऱ्या हायब्रिड गाडीच्या काही आवृत्त्यांवरही असत, ते कमी वेगातही गाडीचे वागणे चालकाला जाणवावे म्हणूनच.

वंगण

मॉडेलांची नावे वाचून एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण जुन्या गाड्या उघडणे आणि जोडणे हाच माझा रोजचा उद्योग आहे. विश्वासार्ह मॉडेल आणि विश्वासार्ह गाडी या दोन वेगळ्या बाबी आहेत. बारा वर्षे वेळेवर ऑइल बदललेली बदनाम मॉडेलची गाडी ही बारा वर्षे दुर्लक्षित राहिलेल्या नावाजलेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी. याला अपवाद अशी काही यंत्रे असतात, ज्यांची मागणीच बेताच्या पैशांत भागत नाही. माझदा आरएक्स-८ हे त्याचे उदाहरण आहे. २००३ ते २०१२ या काळात बनलेली ही देखणी गाडी तरुणांना स्वस्तात मिळते आणि भुरळ घालते. तिच्या रोटरी इंजिनात, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारे त्रिकोणी रोटर असलेल्या इंजिनात, रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून ऑइल थोडे थोडे मुद्दामच जाळले जाते. ते वेळोवेळी भरले नाही आणि गाडी थंड असतानाच लहान अंतरांसाठी वापरली, की पट्ट्या झिजतात, कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) उतरते आणि गरम इंजिन पुन्हा सुरू होईना होते. तिथून पुढे इंजिन उघडण्याशिवाय गत्यंतर नसते.

गाडी पाहायला जाताना विकणाऱ्याला ती आधी सुरू न करण्याची विनंती करावी आणि पोहोचल्यावर सर्वांत आधी बॉनेटवर हात ठेवावा. बॉनेट कोमट लागले तर थंड इंजिनाचा आवाज आणि धूर तुमच्यापासून लपवला गेला असण्याची शक्यता असते. थंड इंजिन सुरू होताना चेनचा खडखडाट होतो का, एक्झॉस्टमधून निळसर धूर येतो का, हे पहिल्या काही सेकंदांतच कळते आणि नंतर कळत नाही. त्यानंतर गाडीच्या संगणकातल्या बिघाडांच्या नोंदी वाचणारा साधा स्कॅनर जोडावा. चेक इंजिनचा दिवा लागलेला नसणे पुरेसे नाही, कारण एरर कोड कोणीही पुसू शकतो. पण कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्यांच्या नोंदीही कोऱ्या होतात आणि गाडी बरीच चालल्याशिवाय त्या पुन्हा भरत नाहीत. स्कॅनरवर त्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या, तर विकणाऱ्याने अलीकडेच काय पुसले हे विचारावे, आणि ‘बॅटरी बदलली’ (म्हणून नोंदी गेल्या) असे उत्तर आले तर बॅटरीची तारीख पाहावी.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात : २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि वेगवेगळ्या वर्षांचे असतील, तर त्या मालकाने इतरत्र कुठे पैसे वाचवले असतील याचा अंदाज बांधता येतो. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा इंजिनातला पट्टा) असलेल्या गाडीत तो केव्हा बदलला याची पावती मागावी. पावती नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरून किंमत ठरवावी, कारण बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

धागाकर्त्यांनी सांगितलेला पाचवा हिस्सा मला कमी वाटतो. दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीसाठी तो चौथा असावा.

हमीपत्र

एवढी तपासणी नवशिक्याला जमणार नाही. त्याने हप्त्यांवर सर्वांत छोटी नवी गाडी घ्यावी, वॉरंटी असेपर्यंत निश्चिंत राहावे आणि मजेची गाडी कमाई वाढल्यावर घ्यावी.

वंगण

तपासणी जमत नसेल तर एखाद्या मेकॅनिकला मोबदला देऊन सोबत न्यावे. नव्या गाडीची किंमत पहिल्याच वर्षात जेवढी उतरते, त्यापुढे तो मोबदला काहीच नाही. शिवाय कमी कमाईच्या काळात हप्ता डोक्यावर असला की सर्व्हिसिंगलाच पहिली कात्री लागते, आणि वॉरंटी संपते तेव्हा हातात एक दुर्लक्षित गाडी उरते.

वळणवाट

सुरक्षिततेच्या आक्षेपाला उत्तर देतो. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये स्टेबिलिटी कंट्रोल नाही, हे खरे आहे, परंतु २००५ नंतरच्या तिसऱ्या पिढीच्या अनेक गाड्यांत ते मिळते आणि तीच पाहावी, असे मी आता स्पष्ट म्हणेन. दुसरा मुद्दा कोणी मांडला नाही. नवशिक्या तरुणाच्या गाडीत समवयस्क मित्र जितके जास्त, तितका अपघाताचा धोका वाढतो, ही गोष्ट अनेक अभ्यासांतून दिसली आहे, आणि म्हणूनच काही देशांत नव्या परवानाधारकांनी किती प्रवासी न्यावेत यावर बंधन आहे. दोन आसनी गाडी ते बंधन आपोआप पाळते. कंटाळवाण्या पाच आसनी सेडानमध्ये मध्यरात्री चार मित्र बसतात, त्याचा विचार ‘पांढरा पट्टा’ यांनी करावा.

आणि खरेदीनंतर रक्कम उरलीच, तर ती आवाज करणाऱ्या एक्झॉस्टवर किंवा गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांवर न घालवता घसरड्या पृष्ठभागावर गाडी सावरायचे प्रशिक्षण घेण्यात घालवावी.

पांढरा पट्टा

प्रवाशांबद्दलचा मुद्दा वजनदार आहे आणि तो मी मान्य करतो. फेरफारांबद्दलही सहमत आहे. शिवाय असे बदल विमा कंपनीला कळवले नाहीत तर दावा अडचणीत येऊ शकतो, आणि तरुण चालकाचा विम्याचा हप्ता मुळातच जास्त असल्यामुळे गाडी पसंत करण्याआधीच, तिच्या नेमक्या आवृत्तीचा विमा किती पडेल हे विचारून घ्यावे. दोन आसनी गाडीच्या बाबतीत या एका चौकशीने अनेकांचा बेत बदलतो.

प्रशिक्षणाबद्दल मात्र माझा विरोध कायम आहे. घसरलेली गाडी सावरायला शिकवणाऱ्या वर्गांमुळे तरुणांचा आत्मविश्वास त्यांच्या कौशल्यापेक्षा जास्त वाढतो, असे नॉर्डिक देशांतील अभ्यासांत आढळलेले आहे. शिकायचेच असेल तर गाडी घसरण्याआधीचे शिकावे : ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचे, वळणाच्या पलीकडचे दिसत नसताना वेग किती असावा, आणि एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत पायाखालचा ब्रेक थरथरू लागला तरी तो सोडायचा नाही. शेवटची गोष्ट रिकाम्या मैदानात, कोणत्याही गाडीत, अर्ध्या तासात शिकता येते.