ॲनिमे सुटलं, की नुसता वेळ सुटला?

डबेवाली_लोअरपरेल
जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर ॲनिमेचा, म्हणजे जपानी कार्टून मालिकेचा, एक भाग लावला होता. शेजारच्या टेबलावरून आवाज आला, “अगं, तिशी उलटली तुझी, अजून कार्टून?” हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यात राहिला. वय वाढलं तसं तुमचं ॲनिमे सुटलं का? की आवड फक्त बदलली? खरंखुरं लिहा, उपदेश नको.

विरार_फास्ट
शाळेत असताना कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झी लागायचं, तेव्हा गृहपाठ गेला खड्ड्यात. मध्यंतरी पुन्हा लावलं आणि वैतागलो. नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार म्हणतात आणि ती पाच मिनिटं भागांमागून भाग संपतच नाहीत! तेव्हा हे कसं खपवून घेतलं, देव जाणे.

पण सुटलं म्हणाल तर नाही. आता ‘फ्रीरेन’ ही मालिका बघतो. राक्षसांच्या राजाला मारून झाल्यावर गोष्ट सुरू होते. पहिल्याच भागात वीर म्हातारा होऊन मरतो, आणि हजार वर्षांहून जास्त जगलेली फ्रीरेन, परीकथेतल्या दीर्घायुषी एल्फ जातीची, त्याच्या दफनाच्या वेळी रडते, की एवढी दहा वर्षं बरोबर हिंडलो, पण याला समजून घ्यायचं राहूनच गेलं. विसाव्या वर्षी मी हे दहा मिनिटांत बंद केलं असतं. बाबा गेल्यानंतर बघितलं, तेव्हा पुढचा भाग लावायला आठवडा गेला.

गाडीत उभ्याने बघतो, इअरफोन नसला तरी सबटायटलवर भागतं. एकदा खांद्यावरून कुणीतरी वाचतंय असं जाणवलं. पन्नाशीचे काका, हातात भाजीची पिशवी. नालासोपाऱ्याला उतरताना विचारतात, “ती पांढऱ्या केसांची मुलगी कोण हो?” गर्दीने त्यांना बाहेर ढकललं, उत्तर राहिलंच.

निवांत_४१
माझं सुटलं. खंत वगैरे काही नाही. नायक कायम पंधरा-सोळाचा, शाळेच्या गणवेशात. मला आता त्याच्यापेक्षा त्याच्या मास्तरांची काळजी वाटते.

रात्रपाळी
@निवांत_४१, त्याला कारण आहे. यातल्या कितीतरी मालिका मुलांच्या मांगा (जपानी कॉमिक्स) साप्ताहिकांतून येतात. शोनेन जंप 1968 पासून चालू आहे आणि त्याचा मूळ वाचक शाळकरी पोरगा. मोठ्यांची मासिकं वेगळी, गोष्टी वेगळ्या. ‘मॉन्स्टर’ बघा: जर्मनीतला जपानी मेंदूशल्यविशारद, एका मुलाचा जीव वाचवतो आणि तोच पुढे खुनी निघतो. 74 भाग आहेत, गणवेश जवळपास नाहीच.

डोंबिवलीची_आई
आमच्याकडे शिनचॅन. पोराला ओरडून ओरडून घसा बसला, मग कळलं की हा कार्टा मुळात 1990 मध्ये मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झाला होता. म्हणजे आपणच चुकीच्या वयाच्या हातात दिला! आता भांडी आवरता आवरता एक डोळा टीव्हीकडे असतो. घराचं कर्ज, दमून आलेला नवरा, सेल दिसला की पाघळणारी बायको. पोरगं शिनचॅनला हसतं, मी त्याच्या आईच्या बाजूने.

गिरगावकर_काका
“आमच्या वेळी ॲनिमे नव्हतं” असं मी लेकीला ऐकवायचो. तिने दाखवून दिलं, की दूरदर्शनवर रविवारी लागणारं जंगल बुक जपानीच! निप्पॉन ॲनिमेशनचं, 1989 चं. गाणं गुलजारांचं आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा, मग जपान कुणाच्या डोक्यात येणार?
2025 च्या सप्टेंबरात ‘डेमन स्लेयर’ या ॲनिमेचा ‘इन्फिनिटी कॅसल’ सिनेमा लागला तेव्हा पहाटेच्या खेळाला घेऊन गेली. काकड आरतीच्या वेळेला थिएटर भरलेलं! गोष्ट अर्धीमुर्धी कळली. शेजारचा दाढीवाला बाप्या मात्र ढसाढसा रडत होता, त्याला विचारा सुटतं का ते.

कमळी
+1. माझ्या नवऱ्याला चोरून बघावं लागतं, सासूबाई सोफ्यावर असतात.

लालबाग_चाळ
वन पीस. 1999 ला सुरू झालं, हजाराच्या वर भाग झाले, अजून चालूच. कॉलेजच्या कट्ट्यावरची आमची गँग पांगली, एक कॅनडात, एक पनवेलला. वाढदिवस विसरतो, पण नवीन भाग आला की ग्रुप पेटतो. मध्ये दोन-तीन वर्षं मी बघितलं नाही हेही खरं, मुलगी लहान होती.
आमची चाळ पुनर्विकासाला गेलीय, सध्या भाड्याच्या घरात. बिल्डर दरवर्षी “पुढच्या दिवाळीला चावी” म्हणतो. ग्रुपवर पैज लागलीय, आधी काय हाती लागणार, वन पीसच्या नायकाला, लुफीला, खजिना की मला चावी. माझे पैसे लुफीवर.