बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे घराचे कागद निर्धोक, असं मानायचं का?

उंबरठा
चुलतभाऊ रीसेलचा फ्लॅट घेतोय. टोकन दिलंय, कर्जाचं मंजुरीपत्रही आलंय. स्वतःचा वकील लाव म्हटलं तर त्याचं उत्तर तयार आहे: "बँकेने सर्च काढलाय, म्हणजे तीस वर्षांच्या दस्तांच्या नोंदी तपासल्यात. त्यांचे पैसे अडकणार आहेत, ते काय डोळे मिटून देतील?" हेच वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की चर्चेला घ्यावंसं वाटलं.

माझं मत स्पष्ट आहे. बँकेचा वकील बँकेसाठी कागद बघतो. त्याची फी बहुधा आपणच भरतो, पण अहवाल बँकेच्या फायलीत जातो, आपल्याला सहसा वाचायलाही मिळत नाही. उद्या घर वादात सापडलं तरी हप्ता आपल्याच खात्यातून कापला जाणार. बँकेकडे आपला पगार असतो, जामीनदार असतो. आपल्याकडे फक्त घर असतं.

चौथा मजला
असहमत. टायटल, म्हणजे विकणाऱ्याचा मालकी हक्क, खोटं निघालं तर बँकेचं तारणही बुडतं, म्हणजे या मुद्द्यावर तिचं हित आणि आपलं हित एकच आहे. शिवाय आता काय लपून राहिलंय? इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) ऑनलाइन, सातबारा ऑनलाइन. नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या, म्हणजे रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, साइटवर मंजूर नकाशा, टायटल रिपोर्ट, बोजा (मालमत्तेवरचं कर्ज वगैरे), चालू खटले सगळं असतं. रेरा कायद्याने बाकीचंही ठरवून दिलंय: करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ताबा लांबला तर पैसे व्याजासह परत मागता येतात, बांधकामातल्या संरचनात्मक दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून 5 वर्षं बिल्डरवर. वकील करारनामा वाचून शेवटी म्हणतो, "बिल्डर यात काही बदलणार नाही, सही करा." मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, दलाली यात माणूस आधीच पिळून निघालेला असतो. त्यात ही आणखी एक फी कशासाठी?

उंबरठा
महारेराचा नंबर दिसला की निर्धास्त, असं म्हणणाऱ्यांनी कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारती आठवाव्यात. पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवली गेली आणि 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. तिथे गृहकर्ज काढून राहायला गेलेली कुटुंबं होती. नोंदणी होती, कर्ज होतं, घर मात्र बेकायदा.

दस्तऐवज
रीसेलबद्दल आमच्या घरचा अनुभव सांगते. मावशीने बघितलेल्या फ्लॅटचे मूळ मालक वारलेले. सोसायटीने शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या पानावर, ट्रान्सफरच्या रकान्यात, मोठ्या मुलाचं नाव चढवलेलं. सही, शिक्का, तारीख सगळं व्यवस्थित. विकणारा तोच. बँकेने त्याच्याकडून इंडेम्निटी बाँड (पुढे नुकसान झालं तर भरून देईन, असं हमीपत्र) मागितला आणि विषय संपवला.

मावशीच्या वकीलबाईंनी मात्र विचारलं, "हे नाव वारस म्हणून लागलंय की नॉमिनी म्हणून?" नॉमिनी म्हणून. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकार कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर तर नॉमिनीला तात्पुरतंच सभासदत्व मिळतं, हक्क ठरतो वारसांचा. मृत्युपत्र नव्हतं आणि लग्न झालेली एक मुलगी होती. तिला या विक्रीचा पत्ताच नव्हता! भाऊ-बहिणीत बोलणी झाली, तीही विक्रीखतावर सही करायला आली आणि मावशीने दोघांच्या नावाने वेगवेगळे चेक दिले. व्यवहार लांबला, पण आज त्या घरावर दुसरं कुणी बोट ठेवू शकत नाही. इंडेम्निटी बाँडवर थांबली असती तर बहिणीचा दावा मावशीच्या दारात आला असता आणि नुकसानभरपाईसाठी मावशीलाच त्या भावामागे कोर्टात फिरावं लागलं असतं.

चौथा मजला
नॉमिनीचा मुद्दा मान्य, तिथे वकील हवाच. पण डोंबिवलीचं उदाहरण तुमच्याच बाजूला लागू पडत नाही, उंबरठा. बनावट परवानगी वकिलाच्या टेबलावर आली असती तर त्यालाही ती खरीच वाटली असती. तिथे उपयोग झाला असता तो पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन परवानगीचा क्रमांक ताडून बघण्याचा, आणि ते काम खरेदीदार स्वतः करू शकतो. माहितीच्या अधिकारात अर्जही करता येतो. लोक रंग, टाइल्स बघायला चार चकरा मारतात, या कामासाठी एकही मारत नाहीत. माझा राग त्यावर आहे. वकिलाकडे फाइल टाकली की जबाबदारी संपली, हीदेखील बँकेवर विसंबण्याइतकीच वाईट सवय आहे.

गटनंबर
तुम्ही सगळे फ्लॅटवर बोलताय. प्लॉट किंवा बंगला घेणाऱ्याचं काय? सातबारा म्हणजे मालकीचा पुरावा, असा समज अजून घट्ट आहे. तो महसुली अभिलेख आहे. त्यावरचे फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, एकेक करून मागे वाचत जावे लागतात. बाप वारल्यावर वारसनोंदीत फक्त मुलांची नावं आणि मुली गायब, असे फेरफार ढिगाने सापडतील. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क दिला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही. बहिणींच्या सह्या नसलेली वडिलोपार्जित जमीन घेणं म्हणजे दावा विकत घेणं. भोगवटादार वर्ग 2 (विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) असं लिहिलेलं असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचा प्रश्न वेगळाच. हे वाचायला महसुलात मुरलेला वकील लागतो. ऑनलाइन उतारा काढता येतो, त्याचा अर्थ ऑनलाइन मिळत नाही.

चौथा मजला
जमिनीच्या बाबतीत वाद घालत नाही. नवीन फ्लॅटबद्दल मात्र मत कायम.

दस्तऐवज
नवीन फ्लॅटलाही एक गोष्ट जपाच: भोगवटा प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याच्या पालिकेच्या दाखल्याशिवाय, ताबा घेऊ नका. "फर्निचरच्या कामासाठी आधी चावी घ्या" म्हणतात आणि मग तसंच राहायला लागतात. आणि वकील निवडताना बिल्डरने किंवा एजंटने सुचवलेला नको.

उंबरठा
भावाला हे सगळं वाचायला दिलं. त्याचा प्रश्न: टोकनच्या पावतीवर फक्त रक्कम आणि फ्लॅट नंबर आहे. आता कागदात खोट निघाली तर टोकन परत मिळेल?

दस्तऐवज
लेखी अट नसेल तर भांडावं लागेल. करारनामा व्हायचाय ना? मग आजच विक्रेत्याकडून एका कागदावर लिहून घ्या: टायटल निर्धोक न निघाल्यास टोकन अमुक दिवसांत परत. दोघांच्या सह्या, तारीख. मूळ करारनाम्यापासून आजपर्यंतच्या साखळीतल्या प्रत्येक दस्ताची प्रत मागा आणि वकिलाकरवी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, म्हणजे कुणाचा हक्क असेल तर तो पुढे येईल. लिहून द्यायला तो कां-कूं करायला लागला तर पुढचा पैसा देऊ नका. आणि किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विक्रेत्याच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस (आगाऊ प्राप्तिकर) कापून सरकारकडे भरायची जबाबदारी भावाची आहे, हेही सांगा त्याला. पूर्ण रक्कम विक्रेत्याला देऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत.